वीस पावलं पुढे

हॅलो?… हो, बोल ताई… नाही गं, दवाखान्यात नाही पोचलो. घरीच आहोत.

अगं, पास होता ना. दोरी लावून गळ्यातच अडकवलाय बाबांनी. तू खेटे घालून काढून दिलास, मोफत आहे, सगळं खरं. पण बसमध्ये चढू दिलं तर मोफत.

थांबली ना… थांब्याच्या वीस पावलं पुढे. बाबा कुबड्या टेकत तिथवर जाईपर्यंत सुटली… हो, धावले मी. दारावर हात आपटला. कोण ऐकतंय.

दुसरी? तीही तशीच. मग बाबा हट्टाने वीस पावलं पुढे जाऊन उभे राहिले. तर तिसरी बरोब्बर थांब्यावर थांबली… हसू नकोस. मीही हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

टॅक्सी करू म्हटलं मी. 'एकतीस वर्षं बस चालवलीय, बसनेच जाणार'… हो ना. तिकडे नवीन पायाचं माप द्यायची वेळ टळून गेली. फोन केला तर म्हणाले, तिसऱ्यांदा चुकलात, आता नाव यादीच्या तळाला. आठ महिने तरी कुबड्याच.

अगं, ऐक ना… तक्रारीचंच सांगतेय. पहिल्या बसचा नंबर बाबांनी वाचलाय. सांगत नाहीत… कारण ड्रायव्हर ओळखीचा. त्यांच्याच हाताखाली शिकलेला तो, मोठ्या कानांचा. आपण सुपडं म्हणायचो… हो, आपल्याकडे जेवायला यायचा तोच… नाही गं, त्याने बाबांना पाहिलंच नसेल. कुबड्या पाहिल्या.

मी शिव्या घातल्या त्याला. तर बाबा म्हणाले, 'त्याला बोलू नकोस. मीच शिकवलंय.'

…हो. हेच म्हणाले.

म्हणे, अशा माणसाला चढवायला चार मिनिटं जातात, मग उशीर झाला म्हणून डेपोत बोलणी खायची. त्यापेक्षा पुढे नेऊन थांबवायची. थांबलीच नाही असंही कुणाला म्हणता येत नाही… एकदा कसलं, वर्षानुवर्षं. शाळेपाशी एक बाई उभी असायची रोज. तिचा चेहरा आठवत नाही म्हणतात. आरशात कुबडीच दिसायची.

नाही, फोनवर नाही येणार ते. भिंतीकडे तोंड करून पडलेत.

मी कागद घेऊन बसले होते गं तक्रार लिहायला. म्हणाले, 'लिही. पण पहिलं नाव माझं घाल.'

काय करू? तूच सांग, थोरली आहेस. लिहू बाबांचं नाव?