झाकण चिकटलेली पेटी

(दुपार. बैठकीची खोली, पण बसायला एकच स्टूल. पाच खुर्च्या भिंतीशी, बैठका उसवलेल्या. सहावी थोरल्या बहिणीच्या पुढ्यात, अर्धी विणलेली. बादलीत वेताच्या पट्ट्या भिजताहेत. स्टुलाशेजारी जमिनीवर एक लाकडी पेटी.)

थोरली: सांगितलं तर तुझा विश्वास बसायचा नाही. कुणाचाच बसत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीतला मास्तर एका खांद्यानं वाकडा चालतो ना, तो एका स्वेटरमुळे.

संपादिका: बाई, मी सहीसाठी आले होते.

थोरली: विणता विणता एक बाही चार बोटं लांब झाली. उसवणार होते. मग म्हटलं, ही बाही बसेल कुणाला? ज्याचा एक खांदा उतरलाय त्याला. खांदा कशानं उतरला? जन्मभर एकाच बाजूला पिशवी अडकवून. मग पिशवीत काय? झालं, मास्तर दारात उभा.

धाकटा: आणि तो स्वेटर मी तीन हिवाळे घातला. ऑफिसात विचारायचे, साहेब, हात कुणी ओढला?

थोरली: बहिणीच्या पुस्तकासाठी भावानं एवढं करावं.

संपादिका: कागद एकच आहे, बाई. वाचून दाखवू?

थोरली: मला वाचता येतं. तू आधी ती पट्टी दे. बादलीतली. ती आखूड आहे, तिच्या खालची. निथळू दे जरा.

धाकटा: वाचाच तुम्ही. मलाही कळू दे. ही मला काही सांगत नाही. पत्र आलं की पेटीखाली सारते.

संपादिका: "नावाड्याच्या कादंबरीची शेवटची तीन प्रकरणं, लेखिकेच्या संमतीनं, संस्थेनं नेमलेले दुसरे लेखक पूर्ण करतील. मुखपृष्ठावर दोन्ही नावं छापली जातील." खाली सही. मालक म्हणालेत, आज सही झाली नाही तर पुस्तक यादीतून काढायचं. चौदा महिने थांबलो आपण.

थोरली: दुसरा लेखक कोण?

संपादिका: तरुण आहे. वेळेवर देतो.

थोरली: दूधवालाही वेळेवर देतो. हात कसे आहेत त्याचे?

संपादिका: हात?

थोरली: कुठे चटका, कापल्याची खूण, नखात माती. काही?

संपादिका: मी पाहिले नाहीत.

थोरली: बघ एकदा. साबणाच्या जाहिरातीतले असतील. पहिल्याच पानावर होडी बुडवेल तो माझी.

धाकटा: अक्का, आडवळणानं जाऊ नकोस. बाई, तुम्ही सहा पुस्तकं हिच्यासोबत काढलीत, तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. चौदा महिन्यांत इथे काय झालं त्याची यादी देतो. कागदाच्या लगद्याचे अकरा पक्षी. मडकी चार, एकही पाणी धरत नाही. ही पेटी एक. आणि घरातल्या सहाच्या सहा खुर्च्या उसवून झाल्या. मी ओट्याशी उभा राहून जेवतो.

थोरली: उभं राहून जेवलं की पोट सुटत नाही.

धाकटा: आणि पानं? पानं किती लिहिली, ते सांग त्यांना.

थोरली: पक्ष्यांबद्दल सांगते. त्यातला एक इतका हुबेहूब झाला की मांजर तीन दिवस त्याच्यासमोर दबा धरून बसलेलं. जेवेना, हलेना. त्याला बघता बघता मला सुचलं की नावाडी पुलाकडे कसा बघत असेल.

धाकटा: आपल्याकडे मांजर नाही.

थोरली: शेजारचं.

धाकटा: शेजारी पोपट आहे, अक्का.

थोरली: तू मोजणीतला माणूस. तुला मांजरं दिसायची नाहीत.

धाकटा: मी तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले. मोजणी वेगळी.

संपादिका: पण ते पुलाचं प्रकरण चांगलं उतरलंय, बाई. नावाडी रोज होडी काठाला लावतो, आणि वरून माणसं पुलावरनं चालत जातात, खाली बघतही नाहीत. ते मी मालकांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्यानंतर मात्र काही आलंच नाही. पलीकडच्या काठावर लेक, नऊ वर्षं बोलणं बंद, मध्ये आता पूल. आणि नावाडी नुसता बसलाय. वाचणाऱ्यानं काय करायचं?

थोरली: मालक काय म्हणतो?

संपादिका: दोनच सुचवलेत त्यांनी. एक तर बापानं पुलावरून जाऊन लेकीला पोटाशी धरावं, नाहीतर होडीसकट वाहून जावं. म्हणाले, शेवट घट्ट बांधा.

थोरली: इकडे ये. हात लाव या पट्टीला. ओली आहे ना? आत्ता मी हिला घट्ट ओढली तर काय होईल?

संपादिका: चांगली बसेल.

थोरली: उद्या वाळेल, आवळेल, आणि मधोमध चिरेल. ओला वेत सैल ठेवायचा. वाळला की तो आपोआप ताण धरतो. मालकाला सांग, मी शेवट ओला देणार. वाचणाऱ्याच्या घरी वाळू दे.

धाकटा: द्यायला हवा ना पण. ओला, सुका, कसलाही.

थोरली: दिलाय.

संपादिका: म्हणजे?

थोरली: तिन्ही प्रकरणं लिहून झालीत. कधीचीच. त्या पेटीत आहेत.

धाकटा: या पेटीत?

थोरली: तुझ्या पायाशी आहे ती. हलव, वाजतंय बघ. ती पेटी करताना सुचलं सगळं. एक खिळा नाही तिच्यात, नुसत्या खाचा एकमेकींत बसवल्यात. चार महिने लागले.

संपादिका: मग द्या ना, बाई. मी हा कागद आत्ता फाडते.

थोरली: तेच तर. कागद आत ठेवले, झाकण लावलं, आणि सरस जरा जास्त झाला. चिकटलंय झाकण. वर हवा दमट, लाकूड फुगलंय. उघडत नाही.

धाकटा: हातोडी आणतो.

थोरली: हातोडी आणलीस तर या घरात पुढचा स्वेटर तुझ्याच मापाचा होईल.

धाकटा: पाहिलंत? हे असं. लहानपणी गृहपाठ गाईनं खाल्ला म्हणायची. शाळेपासून घरापर्यंत गाय नव्हती.

थोरली: बकरी होती ती. आणि गणिताचाच खाल्ला, म्हणजे बकरीला अक्कल होती.

संपादिका: बाई, झाकण राहू दे. तोंडी सांगा. तुम्ही लिहिलंय ना, मग आठवत असेल. या तिनांतल्या पहिल्या प्रकरणात नावाडी उठतो की नाही?

थोरली: उठतो. उठतो की. म्हणजे सकाळी तो... थांब हं.

धाकटा: थांबू.

थोरली: सुरुवात अशी आहे की... तू असा डोक्यावर उभा राहू नकोस.

धाकटा: बसायला खुर्ची दे, बसतो.

संपादिका: बाई, मला राग नाही यायचा. नसेल झालं तर नसेल. तो मुलगा खरंच सभ्य आहे. तुमच्याशी बोलून लिहील.

थोरली: माझ्याशी बोलून लिहील. आणि मी इथे हात मांडीवर ठेवून बोलत बसू? ते मला जमत नाही गं. सगळ्यांना वाटतं, ही टेबलापासून पळते. चौदा महिने तेच ऐकतेय. टेबलाशी बसले की पान कोरं आणि मीही कोरी. दे ती पट्टी इकडे. आणि ती खुंटी धर, त्या भोकात. दाबून धर.

संपादिका: अशी?

थोरली: अशी. आता सुटू देऊ नकोस. तर सकाळी तो उठतो आणि होडी काठावर ओढतो. पालथी घालतो. गावातल्यांना वाटतं, डांबर लावतोय. आता कशाला डांबर, म्हणून हसतात. तो डांबर लावत नसतो.

संपादिका: मग?

थोरली: होडी उसवत असतो.

धाकटा: तोडतो म्हण.

थोरली: तोडणारा परत जोडायचा विचार करत नाही. हा एकेक फळी सोडवतो, पुसतो, उन्हात ठेवतो. हात थांबत नाहीत त्याचे. संध्याकाळी एक फळी खांद्यावर घेतो आणि पुलावर चढतो. पहिल्यांदाच. पुलाला शिव्या देणारा माणूस, पण फळीसाठी चढतो. पट्टी संपली.

संपादिका: ही घ्या. मग?

थोरली: लेकीच्या अंगणात फळी ठेवतो. बोलत नाही. हाक मारत नाही. परत येतो. दुसऱ्या दिवशी दुसरी फळी.

संपादिका: बाई, पाचव्या प्रकरणात तिच्या घराला दार नाहीये. कुजून पडलंय, तिनं पोतं लावलंय.

थोरली: लावलंय का पोतं?

संपादिका: तुम्हीच लावलंय.

थोरली: हो तर. उगीच कशाला लावीन. तर सगळ्या फळ्या गेल्या की तो रंधा आणि करवत घेऊन जातो आणि तिच्या अंगणात दार करायला बसतो. ती आत, हा बाहेर, मध्ये पोतं. दिवसभर रंध्याचा आवाज. खुंटी सोड आता, पुढच्या भोकात घाल.

धाकटा: होणार नाही.

थोरली: काय होणार नाही?

धाकटा: होडीच्या फळीचं दार. होडीची फळी सरळ नसते, तिला बाक असतो. चौकट काटकोनात. एका अंगाला फट राहील, दुसऱ्या अंगाला उंबऱ्याशी घासेल.

थोरली: घासेल?

धाकटा: घासणारच. वर पावसात फुगेल. इतकी वर्षं ते लाकूड पाण्यात होतं, पण चौकटीत नव्हतं.

थोरली: बरोबर. मी तसंच लिहिलंय.

धाकटा: आत्ता लिहिलंस तू.

थोरली: तुला आत्ता कळलं, म्हणून मी आत्ता लिहिलं होत नाही. तो दार बसवतो. धड लागत नाही. नावाड्याला ठाऊक आहे, लागणार नाही ते. नदीवर जन्म गेला त्याचा, फळीचा बाक त्याला कळत नाही होय? लाकडाच्या वखारीतून सरळ फळ्या आणता आल्या असत्या. नाही आणल्या. हत्यारं उचलतो आणि घरी येतो. ही पट्टी तिरपी जाईल आता. वरून, मग खालून.

संपादिका: आणि लेक?

थोरली: पोतं काढते. दार लावून बघते. घासतं. शिव्या देते. उन्हाळाभर तशीच खांद्यानं ढकलत राहते. मग पावसाळा येतो आणि दार फुगतं. एके सकाळी उघडेचना. आत अडकते ती. खिडकीतनं शाळेत जाणाऱ्या पोरीला हाक मारते आणि निरोप देते. पुलावरनं निरोप जातो पलीकडे. आणखी एक पट्टी दे गं.

संपादिका: शेवटची आहे ही.

थोरली: पुरेल. निरोप एवढाच. "दार घासतंय. रंधा घेऊन या."

धाकटा: एवढाच?

थोरली: नऊ वर्षांनी चार-पाच शब्द, कमी आहेत?

धाकटा: नाही. कमी नाहीत.

थोरली: तो जातो, जरासं रंधून देतो. जरासंच. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात परत फुगेल. नीट दार केलं असतं तर बाप एकदाच आला असता.

संपादिका: आणि मिठी?

थोरली: ती मालकाला मार. माझा नावाडी रंधा घेऊन उभा आहे, त्याचे हात मोकळे नाहीत. गाठ मारली बघ. बसा कुणीतरी यावर. नको, ओली आहे. उद्या.

धाकटा: अक्का.

थोरली: बोल.

धाकटा: फळीला बाक साधारण दीड बोट धर. जास्त धरलास तर दार बसणारच नाही.

थोरली: दीड बोट. बरं.

धाकटा: आणि बाई, मघापासून तुमचंही काहीतरी चाललंय. एका हातानं खुंटी, दुसऱ्या हातानं काय खरडताय?

संपादिका: बाईंचं बोलणं. घाईत आहे, अक्षर वाईट आलंय.

धाकटा: अहो, पण तो कागद सहीचा आहे.

संपादिका: पाठ कोरी होती त्याची. कडेनंही लिहावं लागलं. "रंधा घेऊन या" हे पुढच्या बाजूला गेलंय, सहीच्या जागेवर.

धाकटा: मग मालकांना काय देणार?

संपादिका: हेच. पुढची बाजू वाचायची की मागची, ते त्यांनी ठरवावं.

थोरली: कशाला एवढी लिहायची तसदी घेतलीस? सांगितलं ना, शब्द न् शब्द पेटीत आहे. स्वच्छ अक्षरात. हवा सुकली की लाकूड बसेल, झाकण सुटेल, मी स्वतः आणून देते.

संपादिका: झाकण चिकटलेलं नाही, बाई. ते सरकवायचं आहे. तुम्ही होडी पालथी घातलीत तेव्हाच, लिहायला कागद पेटीवर टेकवताना, माझ्या हातून सरकलं. आत भुसा आहे आणि एक खुंटी. कागद नाही.

थोरली: मग तेव्हाच का नाही बोललीस?

संपादिका: तुमचे हात चालू होते. म्हटलं, दार होऊ दे.