मास्तरांचा पार

७ फेब्रुवारी १९७१. बरेच दिवस या वहीत काही लिहिले नाही. माझीच मला माफी मागायला हवी. आज नव्या गावठाणात रंगनाथ मास्तरांच्या निरोपाला बोललो, ते आठवते तसे उतरवतो.

आदरणीय अध्यक्ष, सरपंच आबासाहेब, सत्कारमूर्ती रंगनाथ मास्तर, व्यासपीठावरील पाहुणे, समोरील बंधूंनो आणि भिंतीकडेला बसलेल्या आयाबहिणींनो,

मास्तर आता भिंगारला मुलाकडे राहायला निघाले आहेत. आपले जुने गाव धरणात गेले, तेव्हा त्यांनी ते आठवून कादंबरीत लिहिले. आजचे साहित्य आठवणीतून उभे राहते, असे आम्ही कॉलेजात शिकलेले लोक म्हणतो. पण साहित्यातून गाव उभे राहिलेले मी इथेच पाहिले. मारुतीचे देऊळ बांधताना आबासाहेबांनी गवंड्याला पुस्तक वाचून दाखवले: देवळासमोर पार. तसा पार झाला. आणि बायका देवाला यायच्या थांबल्या.

का बरे? मी गोजरकाकूंना विचारले.

“जुना पार देवळामागं व्हता,” त्या म्हणाल्या. “गडी मागं बसायचे, आमी म्होरनं पानी घालून जायचो. आता समद्या सासऱ्या-दिरांच्या नजरंखालनं जायचं व्हय?”

मास्तर तिथेच होते. “काकू, मला तर पार समोरच दिसतो.”

“दिसंल की. तुमी पारावर बसायचे. बसलेल्याला समदं म्होरंच दिसतं.”

मास्तर हसले. मला मात्र प्रश्न पडला: ज्या पानाला मी गावाची आठवण म्हणत आलो, ते निम्म्याच गावाचे होते का? पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, असे मास्तर म्हणाले.

“पुस्तकाचं ऱ्हाऊ द्या,” काकू म्हणाल्या, “आदी दगडं हलवा.”

तेव्हा मास्तरांनी आबासाहेबांना सांगितले, शाल नको, नारळ नको, पार मागे न्या.

“मास्तर, गेल्याच महिन्यात बांधलाय हो.”

“तेच बरं. जुना झाला असता, तर तुम्हालाही तो तिथंच होता असं वाटलं असतं.”

आबासाहेबांनी मघाशी माझ्या कानात होकार दिला आहे. तो सर्वांसमक्ष सांगून टाकतो. माझ्या एकट्याच्या आठवणीवर राहायला नको.

आपण शांतपणे ऐकलेत, मी आभारी आहे. बोलण्यात उणे-अधिक झाले असेल तर क्षमा करा; पण काही चुकीचे आठवले असेल तर पोटात घालू नका, उभे राहून सांगा.

उद्या: सकाळी पहार घेऊन देवळापाशी जाणे.