सूर्यभानचा कान

बन्सीधर : वेरूळला तू गाडीपाशी थांबलास. दौलताबादला गाडीपाशी. औंढ्याला तर देवाला हातसुद्धा बाहेरूनच जोडलेस. आता हे चारठाणा, आपल्या सहलीतलं शेवटचं ठिकाण. सूर्यभान, इथं तरी खाली उतर.

सूर्यभान : जीपकडं कोन बघंल? स्टेपनी पळवत्यात लोकं.

व्यंकटी : या उन्हात कोन येतंय तुझी स्टेपनी पळवायला? समोर एक शेळी दिसायली. ती नेईल म्हन की उचलून!

बन्सीधर : व्यंकटी, त्याला बोलू दे.

व्यंकटी : बोलंल तर! जालन्याच्या मोंढ्यात, औरंगाबादेत शहागंजाच्या गर्दीत ह्यो गडी लय खुशीत व्हता. हॉर्न काय वाजवला, रिक्षावाल्यासंगं भांडला काय, रसाचे तीन गिलास रिचवले! अन् देऊळ आलं की तोंड पाडून बसतो. लेका, देवानं काय घोडं मारलंय तुझं?

सूर्यभान : देवानं न्हाई. दगडानं.

बन्सीधर : म्हणजे काय?

सूर्यभान : काई न्हाई. जाऊन या तुमी. तुझ्या वहीत चारठान्याला पाऊन तास लिवलाय न्हवं?

बन्सीधर : वही मिटली. ही पाहा, खिशात ठेवली. सूर्यभान, मी निवृत्त झालो आणि तुम्ही दोघं आपापली कामं टाकून मला चार दिवस फिरवलंत. निरोपाच्या दिवशी कचेरीत भाषणं झाली, हार घातले गेले. पण या जीपच्या बाकावर बसून तुमची भांडणं ऐकताना मला जे समाधान मिळालं, ते तिथं मिळालं नव्हतं. म्हणून विचारतो, आणि शाळेतला सोबती म्हणून विचारतो. तुझे वडील पाथरवट. तू स्वतः तीस वर्षं छिन्नी चालवलीस. असा माणूस कोरीव दगडाकडे पाठ करून का बसतो?

सूर्यभान : जवळ गेलं की हात लावावा वाटतो. ठोकून बघावं वाटतं. अन् ठोकायचं म्हनलं की भ्या वाटतं.

व्यंकटी : भ्या? दगडाचं?

सूर्यभान : माझ्या कानाचं. चांगला दगड कसा बोलतो, ठावं हाय? पितळंच्या घागरीवानी. खणखणीत. आतून तडकलेला असंल तर बद्द. बानं मला सातव्या वर्सी शिकवलं. डोळं झाकून सांगायचो मी. पर त्या पुलावर माझा कान चुकला, तवापासून भरोसाच उडाला.

व्यंकटी : कोन्ता पूल? ताडकळसच्या वाटंवरचा? बन्सीनं बांधलेला?

सूर्यभान : हां. नामांतराचा दंगा झाला, त्याच्या आदल्या साली. ट्रकांनी दगड आला. मी हातोडी मारली. बद्द. दुसरा, तिसरा, बद्द. बन्सीला म्हनलं, ह्यो दगड मी लावनार न्हाई. त्यानं तपासनीचा कागद दाखवला. दगड पास व्हता.

बन्सीधर : सूर्यभान…

सूर्यभान : तुला बोल न्हाई लावत बाबा. कागद कशाला खोटं बोलंल? मीच हट्टाला पेटलो, तू हजेरीतून नाव काढलंस. बरोबर केलंस. दरसाल पूर वसरला की मी जाऊन बघायचो. एक चिरा हालला न्हाई. मंजे दगड चांगलाच व्हता, कानच गेला माझा. अन् पाथरवटाचा कान चुकला तर मानसं मरत्यात. म्हनून हातोडी ठिवली अन् स्टेरिंग धरलं.

व्यंकटी : आरं, आमाला वाटलं तुला मोटारीचा नाद लागला! बारा साल झाले, तोंडातून शब्द न्हाई काढलास. बन्सी… बन्सी, तुला काय व्हायलंय? घाम फुटलाय की. पानी देऊ?

बन्सीधर : पाणी नको. मला या पायरीवर बसू द्या. सूर्यभान, मी आता जे सांगतो ते क्रमानं सांगतो. मध्ये अडवू नका. थांबलो, तर पुन्हा सांगायचं धैर्य होणार नाही.

सूर्यभान : सांग.

बन्सीधर : तू गेलास त्याच दिवशी, मजूर परतल्यावर, मी एकटा त्या दगडांच्या ढिगाकडे गेलो. हातात तपासणीचा अहवाल होता आणि डोक्यात तुझं बोलणं. मी घण घेतला आणि एक दगड फोडला. आत केसाएवढी तड होती आणि तडीत लाल माती शिरलेली होती. तेव्हा उलगडा झाला. तपासणीला गेलेले नमुने खाणीच्या खालच्या थरातले होते. आपल्याकडे आलेला माल वरच्या, उन्हापावसानं झिजलेल्या थरातला होता. हे ओळखणं माझं काम होतं. मी कागद वाचला. दगड तू वाचलास.

सूर्यभान : मग?

बन्सीधर : सगळा माल परत पाठवला. दुसऱ्या खाणीतून नवा मागवला. तू नाकारलेला एकही दगड त्या पुलात नाही.

व्यंकटी : अन् ह्याला सांगितलं न्हाईस?

बन्सीधर : नाही.

व्यंकटी : बारा वर्सं? अन् चार दिवसांपासून ह्याच्याच जीपीत बसून, ह्याच्याच घरचे धपाटे खायलास?

बन्सीधर : उपअभियंता म्हणून ते माझं पहिलं काम. नोंदवहीत मी लिहून बसलो होतो, 'कारागिराचा आक्षेप निराधार.' वरिष्ठांची सही झाली होती. ते वाक्य खोडायची मला लाज वाटली. पुढे कळलं, तू ऊसतोडीला गेलास. परत आलास तो हसतखेळत, ड्रायव्हर होऊन. मी मनाची समजूत घातली, याचं बरं चाललंय. तू हातोडी सोडलीस ती माझ्यावरच्या रागानं, असंच मी धरून चाललो होतो. तू स्वतःलाच दोषी ठरवलं असशील, हे माझ्या मनात कधी आलं नाही. यायला हवं होतं.

सूर्यभान : थांब. एक सांग. पयला दगड कोन्ता फोडलास?

बन्सीधर : तू गेरूनं फुली मारली होतीस, त्यातला.

सूर्यभान : किती फुल्या व्हत्या?

बन्सीधर : एकवीस. एकवीसही फोडले.

सूर्यभान : अन् खराब किती निघाले?

बन्सीधर : एकवीस.

(सूर्यभान जीपमधून उतरतो, देवळाच्या खांबापाशी जातो आणि बोटाचं पेर हलकेच दगडावर वाजवतो.)

व्यंकटी : सूर्या, रडायलास का रे?

सूर्यभान : गप. ऐकू दे.

व्यंकटी : मी तर म्हनतो, ह्या सायबाला हितंच सोडू. येऊ दे यष्टीनं लोंबकळत.

बन्सीधर : तसं केलंत तरी माझी तक्रार नाही.

सूर्यभान : न्हाई रे व्यंकटी. राग येईल मला. उद्या येईल, परवा येईल, तवा बन्सीच्या दारात जाऊन शिव्या दीन. आज न्हाई येत. आज छातीवरचा धोंडा निघाल्यावानी वाटायलंय. बन्सी, सांगितलं न्हाईस ते लय वाईट केलंस. पर कागदावर सही झाल्यावर एकट्यानं घण उचलून माझ्या फुल्या तपासल्यास. कोन करतंय तेवढं? दुसरा असता तर तोच दगड दडपून लावला असता.

बन्सीधर : आणि तो पूल पहिल्याच पुरात गेला असता. भरल्या एसटीसकट गेला असता. सूर्यभान, त्या रस्त्यावरची गावं अजून मला बोलावतात, नारळ देतात, पुलासाठी आभार मानतात. ते आभार तुझे होते आणि मी ते मान खाली घालून घेत आलो. आज तुझ्याजवळ पोचवतो. फार उशिरा पोचवतो.

व्यंकटी : आता तू बी रडू नको सायबा. दोघांला आवरायला मी एकटाच हाय हितं.

सूर्यभान : केशर म्हनायची.

बन्सीधर : काय म्हणायच्या वहिनी?

सूर्यभान : हेच. तुमचा कान चुकायचा न्हाई, काई तरी येगळं घडलंय तिथं. दरसाल मी पूल बघून आलो की म्हनायची. अन् मी खेकसायचो तिच्यावर, तुला काय कळतंय दगडातलं! एकदा तिनं हातोडी घासूनपुसून, नवा दांडा बसवून म्होरं ठिवली. मी उचलून आडात फेकली. तवापासून बोलायची बंद झाली बिचारी.

व्यंकटी : बन्सी, ऐकायलास न्हवं?

बन्सीधर : ऐकतो आहे. सूर्यभान, आज परतताना मी आधी तुझ्या घरी उतरतो. वहिनींसमोर उभा राहून सगळं सांगतो. नोंदवहीतलं ते वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगतो. त्यांनी घराबाहेर काढलं तर निघून जाईन.

सूर्यभान : ये. पर आल्या आल्या बोलायला लागू नको.

बन्सीधर : का?

सूर्यभान : आदी मला बोलू दे. बारा वर्सं मी तिला खोटं पाडलंय.