ऑरिन व्हिटकॉम? असा कोणी इथं राहत नाही!

नऊ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी दहापर्यंत डोंगरावर धुकं, मग कडक ऊन, वारा अजिबात नाही... आणि कृपा करून मला शांत हो म्हणू नका! चाळीस वर्षं मी या खोऱ्यात गांजा पिकवला. त्यातली निम्मी चोरून. पोलिसांचं हेलिकॉप्टर आलं की झाडाखाली पालथा, कानात मुंग्या गेल्या तरी हलायचं नाही. पण तेव्हा झोप लागायची हो! आता? आता सगळं कायदेशीर आहे ना!

तुम्हाला सांगतो, दोनशे बारा झाडं माझी, प्रत्येकाच्या खोडाला सरकारी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. माझ्या बायकोनं, मार्गोनं, माझ्यावर कधी एवढी नजर ठेवली नाही! कुंपणावर कॅमेरे. कोण चोरणार? अख्ख्या कॅलिफोर्नियात ज्याला त्याला स्वतःचाच गांजा जड झालाय! वाळकं पान टाकायचं तरी आधी वजन, मग त्यात तेवढीच माती कालवायची, कुणी ओढू नये म्हणून. अहो, पान! आम्ही ते कुत्र्याच्या अंथरुणात भरायचो...

असो. तर मंगळवारी तपासणी. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ऑफिसातून बाई येणार, चारच्या आत तिनं झाडं मोजून सही केली तर परवाना चालू. नाही केली तर दोनशे बारा झाडं, कळ्यांनी लगडलेली, कापणीला दोन आठवडे राहिलेली, तोडून मातीत! आणि बाईला घर सापडणार कसं? रस्त्याला पाटी नाही. होती; शहाऐंशी साली मीच उपटली, पोलिसांना सापडू नये म्हणून. फोनला इथं रेंज नाही. म्हणून नऊ वाजता मी नाक्यावरच्या दुकानात गेलो.

"डेल, आज काउंटीची बाई येईल. माझ्याकडे पाठव."

दुकानदारानं डोळा मारला. "तू कोण बाबा? मी तुला ओळखत नाही."

"अरे, खरंच पाठव! आता सगळं कायदेशीर आहे!"

"हो हो, कायदेशीर." परत डोळा! "ऑरिन, पंचाण्णव साली शेरीफचे सहा पोलीस आले होते. मी तोंड उघडलं? मग एका बाईपुढं उघडीन?"

छातीवर हात, डोळ्यांत पाणी! अशा माणसाला मारणार तरी कसं?

अकरा वाजले. बारा. एक वाजता वॉकीटॉकीवर विनी, पुलाजवळची आमची शेजारीण: "ऑरिन, खूश हो! काउंटीची बाई आली होती. तू ओरेगॉनला पळालास म्हणून सांगितलं. वर पाई खायला घालून तासभर अडकवली!"

"विनी, ती मला हवी होती!"

"आभार मानू नकोस रे. शेजारधर्म आहे."

शेजारधर्म! मार्गो म्हणाली, "कपाळ काय बडवतोस? खाली रस्त्यावर जाऊन उभा राहा." राहिलो. तीन वाजून दहा मिनिटांनी पांढरी गाडी आली. काच खाली झाली.

"काका, ऑरिन व्हिटकॉम कुठं राहतात हो?"

आता बघा. मी उभा कुणासाठी? हिच्यासाठी. उत्तर काय द्यायचं? 'मीच.' एक शब्द! पण तिच्या छातीवरचा सरकारी बिल्ला उन्हात चमकला, आणि माझ्या तोंडानं, मी नाही हो, माझ्या तोंडानं परस्पर सांगून टाकलं:

"ऑरिन? तो वारला."

"अरेरे! कधी?"

"वसंतात. कड्यावरून पडला." आणि डोळे पुसले मी! स्वतःच्या मरणावर! "फार सज्जन माणूस होता."

"घरी कोण आहे त्यांच्या?"

"बायको. बिचारी." आणि बोट कुठं दाखवलं? डोंगराला वळसा घालून तडक शहरात उतरणाऱ्या रस्त्याकडं! बाई आभार मानून गेली. धूळ बसली, तेव्हा डोक्यात उजेड पडला... अरे, ऑरिन तर मी!

धावलो! सदुसष्टाव्या वर्षी, गाडीमागं, टोपी हलवत, "मी जिवंत आहे! मी जिवंत आहे!" तिनं आरशात पाहिलं असणार, गाडी आणखी जोरात हाणली. तुम्ही तरी थांबला असता?

चार वाजले. दुसऱ्या दिवशी मार्गोला घेऊन काउंटीच्या ऑफिसात. खिडकीतला कारकून म्हणतो, "मयताचं काम असेल तर वारसानं बोलावं."

"अहो, मयत मीच!"

"शक्य नाही. शेजाऱ्यानं रडून सांगितलंय."

"तो शेजारीही मीच!"

"मग आता इथं कोण उभंय?"

काय सांगणार? इतकी वर्षं सरकारला खोटं सांगितलं, प्रत्येक वेळी पचलं. एकदा खरं सांगायला गेलो तर पुरावा मागतात! आता सगळं कायदेशीर आहे ना!

कारकुनानं नियम वाचला: परवानाधारक तपासणीआधी वारला असेल तर झाडं तोडायची नाहीत, वारसाला तीस दिवसांची मुदत. मी मार्गोकडं पाहिलं. मार्गोनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं पर्समधून रुमाल काढला, नाकाला लावला, आणि असा हुंदका दिला म्हणून सांगू, मलाच भरून आलं!

पंचवीस सप्टेंबर, गुरुवार. ढगाळ, दुपारी भुरभुर. परवाना मंजूर. झाडं दोनशे बारा. धारक: मार्गो व्हिटकॉम, विधवा. कामगार: एक.