भुताला दहापैकी किती?

तुम्ही पितृपक्षात श्राद्धाचं बघता ना, मी भुतांचे सिनेमे बघते. रोज दुपारी मुलगी झोपली की एक सिनेमा, आणि संपला की दहापैकी गुण. दरवर्षीचा माझा नेमच आहे. यंदाची भुतं तर अगदीच टाकाऊ. केस मोकळे सोडून तासभर कोपऱ्यात उभी. अगं, तेवढ्या वेळात कपड्यांच्या घड्या तरी घाल!

परवाच्या भुताला मी चार गुण देतेय, तोच मुलगी किंचाळत उठली. दूध घेईना, कडेवर राहीना. सिनेमातलं काही बाधलं की काय हिला? एमएस्सी झालेली मी, गुपचूप सासूबाईंकडे गेले.

"आई, हिची दृष्ट काढता का?"

"आता गं? थोतांड म्हनत हुतीस की!"

"काढा हो, आई."

त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या तिच्यावरून उतरवून तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्यांच्या धुराचा असा खाट उठला की आम्ही तिघीही खोकत दाराबाहेर पळालो. त्या पळापळीत माझ्या खांद्यावर मुलीने खणखणीत ढेकर दिली आणि एकदम शांत झाली.

मी धापा टाकत विचारलं, "गेली का दृष्ट?"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"लागलीच नव्हती. लागली असती तर मिरचीचा ठसका आला नसता. पोरीच्या पोटात गॅस हुता. तुझ्या भुतात काय बी दम न्हाई बग!"