नॉर्मलच तर झालीय!

...आता तुम्हीच सांगा बायांनो, नॉर्मल झाली म्हंजे काय मी बाजारातून मेथीची जुडी आणली का? तुम्हाला सांगते, पहिल्या लेकराच्या टायमाला सिझर झालं, तवा आमच्या सासूबाई, आवडाबाई, आमच्या करमाड गावभर सांगत फिरल्या, ‘सुनेला कळा सोसायच्या जिवावर आलं, पोट फाडून घेतलं!’ तवाच ठरवलं, दुसऱ्या खेपेला नॉर्मलच! डॉक्टरीणबाई म्हणल्या, ‘संस्कृती, प्रयत्न करू, पण जरा काही वाटलं तर सरळ ऑपरेशनला घेईन.’ घ्या म्हणलं! सकाळपासून कळा... आमचे विश्वजीतराव, शेंद्र्याच्या कंपनीत दोन-दोन मशिनी सांभाळणारा माणूस, बाहेर बाकड्यावर घामाघूम! आन् लेक झाली, उरावर ठेवली... आईशप्पथ, मी वक्साबोक्शी रडले. येवढा आनंद जन्मात झाला नव्हता. मी केलं! मी!

आन् घरी येऊन बघते तर माझी खाट गायब! पाहुण्यांना दिलेली! सासूबाई म्हणल्या, ‘तुला कशाला गं खाट? नॉर्मलच तर झालीय!’

शेक-शेगडी? नॉर्मलच तर झालीय! डिंकाचे लाडू? मागच्या वेळंला डबा भरून उशाशी, आता जावेच्या पोरांनी फस्त केले! बारसं उरकलं की दुसऱ्या दिवशी पोळपाट पुढ्यात! आवो, टाके इथंबी हायेत! मांडी घालून बसता येईना! पोटावरचे टाके निदान जावेला पदर सारून दाखवले तरी... हे कोणाला दाखवू?

नवऱ्याला म्हणलं, तुम्ही तरी बोला आईंना. तर म्हणतो कसा, ‘बोललो असतो गं... पण नॉर्मलच तर झालीय!’

मग परवा दवाखान्यातून फोन. गोड आवाजाची पोरगी. ‘ताई, आधी सिझर आणि नंतर नॉर्मल झालेल्या बायांना विचारतोय आम्ही, तुम्ही समाधानी आहात का?’ तुम्हाला सांगते, इतक्या दिसांत कोणीतरी मला विचारलं! म्हणलं, आता सगळं सांगते, आनंदबी आन् हालबी! तोंड उघडलं, तवर सासूबाईंनी फोन वढून घेतला. ‘व्हय व्हय, लई समाधानी! त्रास? कसला त्रास? नॉर्मलच तर झालीय! पुढचं बी नॉर्मलच करणार!’

पुढचं?!

तिकडून पोरगी खूश, ‘थँक्यू ताई, किती मोकळं बोललात!’

आन् फोन बंद. झालं... दवाखान्याच्या हिशोबानं मी समाधानी हाय!