ताटलीतला पंखा

...नाही, मला एक सांगा, माणूस गेल्याची चिठ्ठी कोणी बटाट्याच्या यादीमागं लिहितं का? तुम्हाला सांगतो, पाकीट आलं गॅरेजच्या पत्त्यावर, तेही धड पाकीट नाही, कुणाच्या तरी विजेच्या बिलाचं जुनं पाकीट, उसवून, उलटं करून, पुन्हा चिकटवलेलं, आणि आत पाठकोरा कागद. आता माझं शिक्षण म्हणजे पाचवी, म्हणजे पाचवीच्या दारापर्यंत, मी बोट ठेवून वाचणारा माणूस, आणि माझं बोट पडलं नेमकं चुकीच्या बाजूवर. बटाटे आठ किलो. कांदे पाच. साबण नको, आहे. मी म्हटलं, सहा महिन्यांनी दादा राहतो त्या संस्थेतून पत्र आलं आणि त्यात बटाटे, म्हणजे दादानं मला बाजारहाट सांगितलाय, आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी खूश झालो. मालकांना म्हटलं, "भावाचं पत्र आलंय, राग गेला बहुतेक." मालक म्हणाले, "आण बघू." त्यांनी कागद उलटा केला. हातातला पाना खाली ठेवला त्यांनी, हळूच, आणि ज्या माणसाला मी सात वर्षांत पाना हळू ठेवताना बघितलं नाही त्यानं तो हळू ठेवला, तेव्हाच मला कळलं...

मोठा भाऊ हो माझा. सख्खा. आई गेली, बाप गेला, तेव्हा मी नऊ वर्षांचा, त्यानंच वाढवला मला, त्याच्या पंखे-इस्त्र्या दुरुस्तीच्या दुकानात, टेबलाखाली. मग तो पीत गेला, दुकान गेलं, खोली गेली, आणि शेवटी कोणीतरी त्याला या संस्थेत आणून सोडला. तुम्ही बघितली नसेल ती संस्था. ज्यांना कोणी नाही, किंवा आहेत पण असून नसल्यासारखे, अशी पन्नासेक माणसं एकत्र राहतात, लोकांनी टाकलेलं सामान हातगाडीवरून गोळा करून आणतात, निवडतात, दुरुस्त करतात, विकतात, त्यावर सगळ्यांची चूल चालते. दादा तिथं दारू सोडायला गेला. दारू सुटली. संस्था काही सुटली नाही.

मी न्यायला गेलो होतो त्याला. म्हटलं, "चल घरी, मी कमावतो आता." तर म्हणतो, "छोट्या, इथं माझ्या हाताला काम आहे." काम कसलं? लोकांच्या उकिरड्यातली मिक्सरची भांडी घासायची? मी म्हटलं, मग मर त्या कचऱ्यात. म्हटलं मी असं. आता म्हटलं ते म्हटलं, तोंडातून गेलं, त्याला काय करता? आणि वर ऐट म्हणून फोनचा नंबर पण बदलला, म्हणजे त्याला माझी किंमत कळावी. म्हणून तर चिठ्ठी पाठवावी लागली त्यांना. म्हणून तर मी पोचलो तेव्हा नऊ दिवस होऊन गेले होते, आणि अंत्यविधी वगैरे सगळं उरकलं होतं.

जाताना मी ठरवूनच गेलो होतो. फार काही नको. त्याचा एखादा न धुतलेला शर्ट. वास असलेला. बास. एवढं मागायला काय लागतं?

फाटकावर पाटी. 'इथं काही वाया जात नाही.' तीही कुठल्या तरी जुन्या दाराच्या फळीवर रंगवलेली, मधेच कडीचं भोक. आत गेलो तर संस्थेच्या ताई समोर. साठीच्या पुढच्या आहेत, पण नव्वदीची माणसंही त्यांना ताईच म्हणतात. मला बघून म्हणाल्या, "तू छोट्या ना? मला वाटलं एवढासा असशील." आणि हात कमरेपाशी धरून दाखवला. म्हणजे दादानं या सगळ्यांना मी नऊ वर्षांचाच सांगून ठेवलेला.

म्हटलं, "ताई, त्याचं सामान द्या, मी निघतो."

ताई म्हणाल्या, "बस, चहा घे."

जेव्हा कोणी सामान मागितल्यावर चहा देतं ना, तेव्हा समजायचं की सामान नाही.

तुम्हाला सांगतो, त्या घरात नियम आहे. माणूस गेला की चार दिवसांत त्याच्या वस्तू कपड्यांच्या, भांड्यांच्या, कागदाच्या ढिगात जातात आणि ज्याला लागतील त्याला मिळतात. कारण काय, तर इथं काही वाया जात नाही. मी म्हटलं, "अहो पण घरचा माणूस यायच्या आधी?" ताई म्हणाल्या, "घरच्या माणसाचा फोन लागत नव्हता रे." चहा प्यायलो.

मग शर्टांचं विचारलं. तर धुण्याच्या मावशी आल्या, बाह्या वर, हात पांढरेफटक, आणि मोठ्या अभिमानानं सांगायला लागल्या, "सगळे धुतले हो बाळा, दोनदा धुतले. ग्रीसचे डाग काय निघतात का? पण मी काढले. कॉलर तर अशी केली की दुकानातली वाटावी." मी म्हटलं, "एकही राहिला नाही का, चुकून?" मावशींना वाटलं मी त्यांच्या कामावर शंका घेतोय. म्हणाल्या, "एक नाही. उशीचा अभ्रासुद्धा." आणि ते पाणी पण सांडलं नाही म्हणे, गाळून भाजीच्या वाफ्यांना दिलं. म्हणजे माझ्या दादाचा वास आता कुठं, तर वांग्यात.

बूट म्हटलं तर ते स्वयंपाक्याच्या पायात. गादी म्हटलं तर त्यावर कालच आलेला एक माणूस झोपलेला, इतका गाढ की त्याला उठवलं तर पाप लागेल. मग ताई म्हणाल्या, "डोळे पण दिले आम्ही. त्यानंच फॉर्म भरून ठेवला होता."

डोळे.

म्हटलं, "आणि चष्मा?"

तर चष्मा मास्तरांना. मास्तर म्हणजे तिथलेच एक म्हातारे, रोज सगळ्यांना पेपर वाचून दाखवतात. म्हणजे बघा, डोळे एकीकडे गेले, चष्मा दुसरीकडे, आणि दोन्हीकडे कोणीतरी बघतंय, फक्त मलाच काही दिसत नाही. मी गेलो तणतणत मास्तरांकडे. म्हटलं, "माझ्या भावाचा चष्मा आहे तो." त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही हो, लगेच काढला, माझ्या हातात दिला, आणि माझ्या शेजारच्या कपाटाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार गुणी होता रे तुझा दादा. तुझ्या आठवणी सांगायचा." कपाटाला. आता अशा माणसाचा चष्मा घेऊन जायचा? घातला परत त्यांच्या नाकावर. तर माझ्याकडं बघून म्हणतात, "अरे, तू इकडं आहेस होय?"

मग मात्र मी आवाज चढवला. म्हटलं, "माणूस गेला का भंगार गेलं? एवढं सगळं वाटलंत, माझ्यासाठी काय ठेवलंत?" आवारातले सगळे थांबले. काचा निवडणारे, पुठ्ठे बांधणारे, सगळे. मला वाटलं आता हे मला बाहेर काढणार. ताई फक्त म्हणाल्या, "एका गोष्टीला आम्ही हात लावला नाही. ये."

मागं पत्र्याची शेड आहे. तिथं त्याचं टेबल. टेबलावर एक टेबलफॅन, उघडा. जाळी बाजूला, पाती बाजूला, मोटरचं पोट उघडं. आणि शेजारी स्टीलची ताटली, आणि तिच्यात काठाकाठानं गोल मांडलेले स्क्रू, वॉशर, नट... ताई म्हणाल्या, "बारा वाजता म्हणाला, मोटरच्या दांड्याला नवा बुश बसवलाय, जेवून येतो आणि बंद करतो. जेवला, जरा पडतो म्हणाला..." ताटलीवरची माशी हाकलली त्यांनी. मग म्हणाल्या, "कुठला स्क्रू कुठला, आम्हाला कोणाला कळत नाही. म्हणून हलवलं नाही. मावशी झाडतात ते पण टेबल सोडून झाडतात."

मला कळत होतं.

टेबलाखाली वाढलो ना मी. त्याची एकच शिकवण, "छोट्या, जो आधी निघाला तो शेवटी बसतो. घड्याळासारखं मांड. पहिला बाराच्या जागी." मी काही शिकलो नाही ते. मी सगळं एका डब्यात टाकतो. म्हणून तर गॅरेजमध्ये माझा प्रत्येक गाडीमागं एक स्क्रू उरतो, हमखास, मालक म्हणतात, "तुझ्या उरलेल्या स्क्रूंची एक नवी गाडी होईल." पण त्या ताटलीत बघितलं आणि बाराच्या जागी जाळीचा स्क्रू, मग पातीची टोपी, मग... जसंच्या तसं. त्याच्या बोटांनी ठेवलेलं. न धुतलेलं.

म्हटलं, "ताई, मी ही ताटली नेतो."

एवढ्यात मागून आवाज, "तो जेवून येतो म्हणाला होता, आला का?" बघतो तर एक आजी, काठी टेकत वरच्या खोलीतून खाली आलेली, घामानं निथळत. पंखा तिचा. वर पत्रा तापतो, नऊ दिवस ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतेय. ताई म्हणाल्या, "आजी, तो गेला ना, सांगितलं ना तुम्हाला." आजी म्हणाली, "ते माहीत आहे गं. पंख्याचं विचारतेय."

मी ऐकलंच नाही. खरं सांगतो, ऐकूनही ऐकलं नाही. माझा भाऊ, माझी ताटली. उचलली दोन्ही हातांनी आणि निघालो, एक एक पाऊल, जसं काठोकाठ भरलेलं पातेलं नेतोय, श्वास रोखून. कोणी अडवलं नाही. एकानं तर पुढं होऊन फाटक उघडलं. आणि तिथं, फाटकाच्या उंबऱ्यावर, माझा पाय जरासा अडखळला, आणि एक स्क्रू, पाचच्या जागेवरचा, टुणकन घरंगळला आणि साडेसहावर जाऊन थांबला.

तुम्हाला सांगतो, मी जो तिथं उभा राहिलो तो उभाच. पुढं पाऊल टाकावं तर रस्ता, रस्त्याला खड्डे. मग बस. बसमध्ये ताटली धरणार कशी? पहिल्याच ब्रेकला दादाचं सगळं घड्याळ विस्कटणार, आणि घरी पोचेपर्यंत माझ्या मांडीवर काय असणार? पावशेर भंगार. म्हणजे ते नेलं की गेलं. आणि ठेवलं तरी कोण वाचणार? मी सोडून कोणाला येत नाही ते. मला आयुष्यात एकच लिहिलेलं नीट वाचता येत होतं, आणि तेच मी घेऊन पळत होतो. दहा मिनिटं उभा होतो मी उन्हात. ज्यानं फाटक उघडलं होतं त्या बिचाऱ्याचा हात अवघडला. म्हणाला, "भाऊ, आत की बाहेर?"

आत.

पाचवाला स्क्रू परत पाचवर ठेवला, त्याची खूण धुळीत होती म्हणून बरं. आणि बसलो त्याच्या स्टुलावर. उलट्या बाजूनं सुरू केलं, शेवटचा आधी. मोटरचे चार, लांबवाले. मग वॉशर. प्रत्येक स्क्रू बसवला की ताटलीतली एक जागा मोकळी व्हायची, आणि मी मुद्दाम हळू करत होतो, म्हणजे किती हळू, तर स्टुलाशेजारी बसून आजीच्या दोन डुलक्या काढून झाल्या. आणि खरं सांगू का, मी वाट बघत होतो. एक तरी उरेल. माझा कायम उरतो हो! माझ्या हातून आजवर एक यंत्र असं बंद झालं नाही की ज्याचा एक स्क्रू उरला नाही. म्हटलं तो उरलेला खिशात टाकायचा, तो माझा, त्यावर कोणाचा हक्क नाही, त्याला कोणी धुणार नाही.

पातीची टोपी बसली. जाळी बसली. बाराच्या जागचा शेवटचा स्क्रू फिरवला.

नाही उरला.

ताटलीत बघितलं, ताटलीखाली बघितलं, टेबलाखाली जाऊन हातानं चाचपून बघितलं, आणि मग तिथंच जरा बसलो. जुनी जागा माझी, टेबलाखालची. वरून आजी म्हणाली, "लागला का रे?" मी खालूनच म्हटलं, "बटण दाबा." आणि लागला. आवाजही नाही. एवढा सरळ चालला की मला राग आला त्याचा.

लगेच दोघांनी उचलून वर नेला. आजीनं जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, छान झालाय." मी म्हटलं, "सांगतो." ताटली मावशींनी नेऊन धुतली सुद्धा, त्यात संध्याकाळी कोणीतरी जेवलं. इथं काही वाया जात नाही.

मी पिशवी उचलली. तेवढ्यात स्वयंपाकी आला, दादाचे बूट घालून, आणि टेबलावर एक मिक्सर ठेवला. म्हणाला, "फिरतो, पण वाटत नाही." मी म्हटलं, "काका, मी सकाळच्या गाडीनं जाणार." तो म्हणाला, "मग आत्ता कर."

ही झाली मंगळवारची गोष्ट. आज शनिवार. मालकांचा रोज फोन येतो, "अरे, एवढे दिवस झाले, अजून आटोपलं नाही का तुझं?" आता त्यांना काय सांगू? अजून चौदा पंखे आहेत.